खटल्याचा भाव

कॅलिफोर्नियातली ज्युरी निकाल घेऊन बाहेर येते तेव्हा पुण्यात बहुधा पहाट झालेली असते. न्यूयॉर्कचा बाजार आपल्या घड्याळाने उन्हाळ्यात रात्री दीडला आणि हिवाळ्यात अडीचला बंद होतो, पण सॅन होजेच्या कोर्टात त्या वेळी दुपारच असते. खराडीतल्या आमच्या ऑफिसात अशा अवेळी जागं राहण्याचाच आम्हाला पगार मिळायचा.

मी मूळची सांगलीची, इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर. सुरुवातीची काही वर्षं पेटंट तपासण्यात गेली. एखादी कल्पना आधी कुणी कुठे मांडली होती का, हे जुन्या कागदपत्रांतून हुडकून काढायचं. पुढे एका अमेरिकी गुंतवणूक फंडासाठी काम करणाऱ्या संशोधन केंद्रात आले. ज्या तंत्रज्ञान कंपन्यांचे पेटंटचे खटले चालू आहेत, त्यांच्या कोर्टातल्या कागदांवर डोळा ठेवायचा आणि निकाल कसा लागला तर भाव किती हलेल याचा अंदाज आधीच लिहून ठेवायचा, असं ते काम. सांगलीला गेले की काका विचारायचे, "अगं, हरले की भाव पडणार, जिंकले की चढणार. त्यात रात्रभर जागण्यासारखं काय आहे?" काका निवृत्तीनंतर घरी बसून शेअरचे व्यवहार करतात, त्यामुळे प्रश्न अडाण्याचा नव्हता.

त्यांचं गणित कुठे गडबडतं, ते ॲपल-सॅमसंगच्या निकालात फार स्पष्ट दिसतं. २४ ऑगस्ट २०१२, शुक्रवार. न्यायाधीश ल्यूसी कोह यांच्या कोर्टात नऊ जणांची ज्युरी अपेक्षेपेक्षा खूपच लवकर परत आली. आमच्याकडे शनिवारचे पहाटेचे चार वाजून गेले होते. सॅमसंगने ॲपलच्या पेटंटांचं उल्लंघन केलं, भरपाई १०५ कोटी डॉलर. न्यूयॉर्कचा बाजार बंद झालेला, आणि सेऊलचा उघडायला सोमवार उजाडायचा होता. मधले दोन दिवस जगभरचे विश्लेषक तोच एक आकडा चघळत बसले.

आमच्या हातात ज्युरीने भरलेला फॉर्म होता. एका बाजूला फोनची नावं, वर पेटंटच्या क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे: ३८१, ९१५, १६३. चौकटींत हो किंवा नाही. ३८१ म्हणजे पडद्यावरची यादी शेवटाला पोचली की जरा पुढे जाऊन परत मागे येते, ती करामत. ९१५ मध्ये एका बोटाने सरकवणं आणि दोन बोटांनी मोठं करणं यांतला फरक फोन कसा ओळखतो, ते होतं. आम्ही यादी वरून खाली पुन्हा पुन्हा वाचली, कारण हवं ते नाव त्यात सापडत नव्हतं. गॅलॅक्सी एस-३. त्या वर्षी सॅमसंगच्या गल्ल्यात ज्या फोनमुळे पैसा पडत होता, तो या खटल्यात नव्हताच. तो मे महिन्यात बाजारात आला, आणि खटल्यातले फोन त्याच्या आधीच्या पिढीचे. शिवाय टॅब्लेटच्या डिझाइनवरचा ॲपलचा दावा ज्युरीने फेटाळला होता. गंमत म्हणजे ज्या उपकरणांत उल्लंघन नाही असं ज्युरीने म्हटलं, त्यांतल्या दोनांसाठीही भरपाई लिहून दिली होती. न्यायाधीशांनी ती तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतली. घाईत भरलेला फॉर्म कसा दिसतो, हे पेटंट तपासणाऱ्याला शिकवावं लागत नाही.

सोमवारी सेऊलचा बाजार आपल्या साडेपाचला उघडला. दिवस संपला तेव्हा सॅमसंगचा शेअर साडेसात टक्क्यांनी खाली होता आणि कंपनीच्या बाजारमूल्यातले सुमारे १,२०० कोटी डॉलर गेले होते. भरपाई १०५ कोटींची, घसरण १,२०० कोटींची. आणि ती भरपाईही भरायची कधी, तर अपिलं संपल्यावर. सॅमसंगचा त्या वेळचा एका तिमाहीचा नफा सहाशे कोटी डॉलरच्या घरात होता, म्हणजे पैसे द्यायला कंपनीला कसलीच अडचण नव्हती.

मग वरचे अकराशे कोटी कशाचे? माझ्या मते त्यातला मोठा भाग होता बंदीच्या भीतीचा. ॲपल आता अमेरिकेत फोन विकायला मनाई हुकूम मागणार, हे सगळ्यांना कळत होतं. उल्लंघन जाणूनबुजून केलं असं ज्युरीने म्हटल्यामुळे न्यायाधीश भरपाई तिपटीपर्यंत वाढवू शकत होत्या. आणि आज सॅमसंग, उद्या अँड्रॉइडवर फोन बनवणारी दुसरी कुठली कंपनी, अशीही धास्ती होती. त्याच सोमवारी नोकियाचा भाव चढला. नोकिया या खटल्यात कुठेच नव्हती. पण तिचे फोन मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीवर चालत, आणि अँड्रॉइड अडचणीत आलं तर गिऱ्हाईक इकडे वळेल, एवढ्या आशेवर बाजाराने तिला वर नेलं. खटल्याचा भाव ठरतो तो असा: निकालात लिहिलेल्या रकमेवर थोडा आणि निकालात न लिहिलेल्या शक्यतांवर बराचसा.

पुढची हकिगत फारशी कुणाच्या लक्षात नाही. डिसेंबर २०१२ मध्ये न्यायाधीश कोह यांनी बंदी नाकारली. वर्ष संपता संपता सॅमसंगचा शेअर विक्रमी पातळीवर होता. मार्च २०१३ मध्ये भरपाईतले ४५ कोटी बाजूला काढून पुन्हा मोजायला सांगितले गेले, २०१५ च्या डिसेंबरात सॅमसंगने ५४.८ कोटी भरले, वर्षभराने सर्वोच्च न्यायालयाने भरपाई मोजण्याची रीतच बदलली, मे २०१८ मध्ये नव्या ज्युरीने ५३.९ कोटी ठरवले आणि जूनमध्ये दोघांनी आपसात मिटवलं. यातल्या प्रत्येक तारखेला मी जागी होते असं नाही, आणि बाजार तर झोपलेलाच होता.

नव्या माणसाला कामाला लावताना आमच्याकडे एक जुनी फाइल वाचायला द्यायचे: ब्लॅकबेरीची. ब्लॅकबेरी बनवणाऱ्या रिसर्च इन मोशन या कॅनडाच्या कंपनीवर एनटीपी या व्हर्जिनियातल्या कंपनीने २००१ मध्ये दावा लावला. एनटीपी काहीही बनवत नव्हती, तिच्याकडे होती फक्त बिनतारी ईमेलची पेटंटं. ज्युरीचा निकाल एनटीपीकडे गेला, आणि न्यायाधीश जेम्स स्पेन्सर अमेरिकेतली ब्लॅकबेरी सेवा बंद पाडतात की काय, या टांगत्या तलवारीखाली शेअरने कितीतरी महिने काढले. सरकारी अधिकाऱ्यांचे फोन तरी चालू राहू द्या, असं सांगायला खुद्द अमेरिकेचं न्याय खातं कोर्टात आलं. इकडे पेटंट कार्यालय तीच पेटंटं फेरतपासणीत एकामागून एक नाकारत होतं, पण न्यायाधीश त्यासाठी थांबायला तयार नव्हते. अखेर ३ मार्च २००६ ला कंपनीने ६१ कोटी २५ लाख डॉलर मोजून विषय संपवला, आणि भाव उसळला.

काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "एवढे पैसे देऊन भाव वाढला? मग हरलं कोण?" त्यांना समजावणं सोपं होतं. साठ कोटी गेले हे पक्कं कळलं, आणि उद्या सगळंच बंद पडेल ही शक्यता गेली. ठरलेली किंमत बाजार निमूट देतो, पण न ठरलेल्या किमतीपुढे त्याची झोप उडते. या फाइलची खरी चुटपुट लागते ती शेवटच्या पानावर. तडजोडीनंतर अडीच महिनेही झाले नव्हते, तोच १५ मे २००६ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ईबेच्या खटल्यात ठरवलं की, पेटंटचं उल्लंघन सिद्ध झालं म्हणून मनाई हुकूम आपोआप मिळणार नाही. काहीही न बनवणाऱ्या पेटंटधारकांच्या हातून बंदीचं हत्यार त्या दिवसापासून बरंचसं निसटलं. आज तंत्रज्ञान कंपनीवर अशा कुणाचा दावा लागला तर भाव एवढा हलत नाही, त्यामागे ईबेचा निकाल आहे. तरुण विश्लेषकांना तो माहीत नसतो आणि ते २००६ च्या आधीची घसरण पाहून आजचे अंदाज बांधतात.

जिंकूनही पडण्याचं उदाहरण याहून जुनं आहे. झटपट छायाचित्र देणाऱ्या कॅमेऱ्यांवरून पोलरॉइडने १९७६ मध्ये कोडॅकवर खटला भरला आणि तो जिंकला. १९८६ च्या जानेवारीत कोडॅकला तो धंदाच गुंडाळावा लागला. भरपाईचा आकडा ठरायला १९९० उजाडलं: ९० कोटींहून थोडी जास्त. तोवरच्या पेटंट खटल्यांत ही रक्कम प्रचंडच होती. तरी शेअर पडला तो पोलरॉइडचा, कारण बाजाराने मनात त्याच्या कितीतरी पट धरलेले होते.

आमची मोजण्याची रीत तशी साधी. निकालाच्या आधीचं साधारण वर्षभर घ्यायचं, त्या काळात बाजाराचा निर्देशांक एक टक्का हलला की हा शेअर किती हलतो ते काढायचं, आणि निकालाच्या दिवशी बाजाराच्या मानाने तो जितका जास्त-कमी हलला तेवढं खटल्याच्या खात्यावर टाकायचं. अडचण अशी की बातम्या एकेकट्या येत नाहीत. याचं आपल्या घरचं उदाहरण टीसीएसचं. तो खटला पेटंटचा नव्हता, व्यावसायिक गुपितांचा होता, पण कुळी तीच. १५ एप्रिल २०१६ ला विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या ज्युरीने टीसीएसविरुद्ध, एपिक सिस्टिम्स या कंपनीच्या बाजूने ९४ कोटी डॉलरचा निकाल दिला. मुंबईचा बाजार गुरुवारी आंबेडकर जयंतीला आणि शुक्रवारी रामनवमीला बंद. उघडला तो सोमवारी, आणि नेमके त्याच दिवशी टीसीएसचे तिमाही निकाल होते. आता त्या दिवशीच्या हालचालीतला कुठला रुपया मॅडिसनचा आणि कुठला तिमाहीचा, ते कुणी सांगावं? पुढे ती रक्कम कोर्टांत घटत गेली. कंपनीने ऑक्टोबर २०२० मध्ये या खटल्यापोटी १,२१८ कोटी रुपयांची तरतूद दाखवली, तीही १६,००० कोटींच्या शेअर फेरखरेदीच्या घोषणेसोबत. अर्थातच सगळे फेरखरेदीबद्दल बोलत राहिले.

मोठ्या कंपन्यांचं हे असं. त्यांच्यासाठी खटला म्हणजे वार्षिक अहवालातली एक टीप, आणि तीही एका ठरावीक वाक्याने संपणारी: संभाव्य नुकसानीचा अंदाज सध्या करता येत नाही. ही वाक्यं मी इतकी वाचली आहेत की मागच्या तिमाहीतला एखादा शब्द बदलला तर तोच आधी दिसतो. 'शक्यता आहे' च्या जागी 'संभव अधिक आहे' आलं की समजायचं, वकिलांनी कंपनीला काहीतरी वाईट सांगितलंय.

छोट्या कंपन्यांची गोष्ट मात्र पार वेगळी, आणि मला त्यांच्याच फाइली जास्त बेचैन करायच्या. ६ नोव्हेंबर २०१२ या एकाच दिवशी दोन निकाल आले. अमेरिकेत ओबामांच्या दुसऱ्या निवडणुकीचं मतदान चालू होतं आणि आम्ही टेक्सासमधल्या टायलरकडे आणि व्हर्जिनियातल्या नॉरफोककडे डोळे लावून बसलो होतो. टायलरमध्ये व्हर्नेटएक्स या नेवाडातल्या, मूठभर माणसांच्या कंपनीला ॲपलकडून ३६.८ कोटी डॉलर मिळतील असा निकाल झाला. नॉरफोकमध्ये व्हरिंगो या कंपनीला गूगल आणि इतरांकडून सुमारे ३ कोटी आणि पुढची रॉयल्टी; मागितले होते जवळपास ५० कोटी. या कंपन्यांचा कारखाना म्हणजे कोर्ट. त्यांचा शेअर घेणं म्हणजे दाव्यात हिस्सा घेणं, आणि तो घेणाऱ्यांत छोटे गुंतवणूकदार पुष्कळ होते. कोर्टाच्या नोंदवहीत साधी तारीख बदलली तरी भाव पाच-दहा टक्के हलायचा. ही माणसं न्यायाधीशांच्या प्रश्नांचा सूर, ज्युरीने मागवलेल्या कागदांची यादी, सगळ्यांतून अर्थ काढायची. खरं तर पेटंटातल्या शब्दांचा अर्थ कोर्ट ठरवतं त्या सुनावणीतच बहुतेक खटल्यांचं भवितव्य ठरून जातं, पण ती इतकी रुक्ष असते की तिथे कुणी फिरकत नाही.

व्हरिंगोच्या भागधारकांत अब्जाधीश मार्क क्यूबनही होते. त्याच वर्षी त्यांनी 'मूर्ख पेटंटं' हद्दपार करण्यासाठी एका संस्थेला देणगी दिली. दोन्ही बाजूंनी पैसे लावणं म्हणजे काय, ते इतक्या उघडपणे क्वचितच दिसतं. ऑगस्ट २०१४ मध्ये अपील न्यायालयाने व्हरिंगोची पेटंटंच रद्द ठरवली आणि शेअर एका दिवसात दोन-तृतीयांशाहून जास्त कोसळला. व्हर्नेटएक्सचा पहिला निकालही त्याच वर्षी भरपाईपुरता रद्द झाला, तरी तिने चिकाटी सोडली नाही. २०२० मध्ये ॲपलकडून ४५ कोटींवर रक्कम खरोखर हातात पडली. पण ५० कोटींचा दुसरा निकाल २०२३ मध्ये गेला, कारण दरम्यान पेटंट कार्यालयाने ती पेटंटं मोडीत काढली होती. २०१२ पासून अमेरिकेत ही सोय आहे: कोर्टात खेचलेली कंपनी शेजारच्या दाराने पेटंट कार्यालयात जाते आणि पेटंटच्या मुळावर घाव घालते. म्हणून आमच्या कॅलेंडरात प्रत्येक खटल्याच्या दोन ओळी असायच्या, एक कोर्टाची आणि एक पेटंट कार्यालयाची. भाव बहुधा पहिल्या ओळीने चढायचा आणि दुसरीने पडायचा.

सगळ्यात लक्षात राहिलेली रात्र मात्र क्वालकॉमची. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने आणि त्याच आठवड्यात ॲपलने तिच्यावर दावे लावले, तेव्हा पुढच्या सोमवारी शेअर जवळपास १३ टक्के पडला होता. क्वालकॉम चिप विकते, पण नफ्याचा मोठा वाटा तेव्हा यायचा पेटंटच्या परवाना शुल्कातून. म्हणजे ॲपलने हात घातला होता तो तिजोरीतच. १६ एप्रिल २०१९ ला सॅन दिएगोमध्ये न्यायाधीश गोन्झालो क्युरिएल यांच्यापुढे सुरुवातीची भाषणं चालू होती. खटला अनेक आठवडे चालणार म्हणून आमच्या शिफ्टही त्याप्रमाणे लागलेल्या. रात्री साडेबाराच्या सुमारास स्क्रीनवर ५७ डॉलरच्या आसपासचा भाव अचानक पळायला लागला. कोर्टात वकील बोलतच होते आणि बाहेर दोन्ही कंपन्यांनी जगभरचे सगळे खटले मिटवल्याचं जाहीर केलं होतं. बाजाराला तास उरला होता. बंद झाला तेव्हा भाव ७० डॉलर ४५ सेंट, एका दिवसात २३ टक्के वर. त्याच संध्याकाळी इंटेलने फाइव्ह-जी फोनच्या मोडेम चिपमधून अंग काढून घेतलं. पुढच्याच महिन्यात व्यापार आयोगाच्या खटल्यात क्वालकॉम हरली, न्यायाधीश पुन्हा त्याच ल्यूसी कोह, आणि शेअर ११ टक्के खाली. तो निकाल अपिलात २०२० च्या ऑगस्टमध्ये उलटला. एवढ्या चढउतारांत क्वालकॉमची चिप आणि तिची पेटंटं जशीच्या तशी होती.

बोस्टन विद्यापीठातल्या जेम्स बेसन, जेनिफर फोर्ड आणि मायकेल म्युरर यांनी २०११ मध्ये अशा दाव्यांच्या दिवसांची घसरण जोडून काढली होती. काहीही न बनवणाऱ्या पेटंटधारकांच्या दाव्यांमुळे १९९० ते २०१० या काळात कंपन्यांच्या भागधारकांचे ५०,००० कोटी डॉलर गेले, असा त्यांचा हिशोब, आणि त्यातलं शोध लावणाऱ्यांच्या पदरात फार थोडं पडलं. यातला दुसरा भाग मला सोळा आणे पटतो. पहिल्याबद्दल मी जरा कंजूष आहे. दावा लागल्याच्या दोन-चार दिवसांतली घसरण म्हणजे कायमचं नुकसान असं धरलं, तर सॅमसंगचे ते १,२०० कोटीही गेलेच म्हणायचे. ते गेले नव्हते. घाबरलेल्या लोकांनी काही महिन्यांसाठी स्वस्तात विकले होते.

हे सगळं आधी कळतं तर तू स्वतः का घेत नाहीस, हा काकांचा हमखास प्रश्न. नियमच तसा होता. ज्या कंपन्यांवर आम्ही काम करायचो त्यांचे शेअर घ्यायला बंदी, आणि दर तिमाहीला फॉर्म भरून द्यायचा: स्वतःचे, नवऱ्याचे, आईवडिलांचे शेअर. नवऱ्याच्या जुन्या डीमॅट खात्यातले पाच-दहा शेअरसुद्धा लिहायचे म्हणून ऑफिसात सगळेच कुरकुरायचे.

तेवढ्यात सिस्कोचं प्रकरण आलं. ऑक्टोबर २०२० मध्ये नॉरफोकच्याच कोर्टात न्यायाधीश हेन्री मॉर्गन यांनी सेंट्रिपेटल नेटवर्क्स या कंपनीला सिस्कोकडून सुमारे १९० कोटी डॉलर देववले. निकाल जवळपास लिहून झाला असताना त्यांना कळलं होतं की, पत्नीच्या नावावर ब्रोकरने घेतलेले सिस्कोचे १०० शेअर आहेत; किंमत ४,६८७ डॉलर ९९ सेंट. विकावेत, तर सिस्कोविरुद्धचा निकाल हाताशी ठेवून आतल्या माहितीवर विकले असं दिसणार. म्हणून त्यांनी ते स्वतःच्या ताब्याबाहेर एका न्यासात ठेवले. २०२२ च्या जूनमध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की न्यासात ठेवणं म्हणजे विकणं नव्हे, आणि सगळा निकाल रद्द केला. खटला नव्या न्यायाधीशांकडे गेला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी सिस्कोने उल्लंघन केलेलंच नाही असं ठरवलं. आमच्या तक्त्यात १९० कोटींच्या जागी शून्य आलं. त्या चौकटीला लाल रंग द्यायचा की हिरवा, यावर डेस्कवर बराच वेळ वाद चालला.